मुलगा रोज मैदानावर असतो, दमा थोडासाच आहे. एवढ्या फिट मुलाला व्हायरसची कसली भीती?

१७ वर्षांचा मुलगा, खो-खो खेळतो, ताप उतरला की दुसऱ्या दिवशी सरावाला पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या दिवशी नको. आणि "थोडासा" दमा हा शब्द आधी डोक्यातून काढा.

आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारातले. जुम्मादादा, माणिकराव या आखाड्यातल्या उस्तादांच्या गोष्टी ऐकत वाढलेलं घर. माझा धाकटा भाऊ खो-खोत पळतीला उतरला की कुणाच्या हाती लागत नसे. बारावीच्या वर्षी डिसेंबरात तो एकदम वाळला, महिन्यात सात किलो. मोठे काका मुलांना खो-खो शिकवायचे, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, अंग कसं कसलंय!" सराव संपला की तो माठापासून हलायचा नाही. रात्री चार-चारदा उठायचा. आई म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवू या. काका म्हणाले, "पळणाऱ्या पोराला तहान लागणारच, वहिनी."

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी ताप आला. साथ होतीच. दोन दिवसांनी काकांनी त्याला मैदानावर नेलं, कारण घाम निघाला की ताप निघतो. वर ताकद यावी म्हणून दोन ग्लास उसाचा रस पाजला. दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या सुरू. गादीवर पडून होता, पण श्वास इतका खोल आणि भराभर, जणू आत्ताच नऊ मिनिटांची पळती करून आलाय. तोंडाला उतरलेल्या फळासारखा वास. दवाखान्यात साखर निघाली ४८२. टाइप १ डायबिटीस, त्यात कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन नसल्याने रक्तात आम्ल साचणं. पाच दिवस आयसीयूत होता. इन्सुलिन आधीच आटत आलेलं होतं, आणि तापात शरीराला ते नेहमीपेक्षा जास्त लागतं. व्हायरस साधाच होता.

मार्च २०२० मध्ये स्पेनच्या मालागातला २१ वर्षांचा फुटबॉल कोच फ्रान्सिस्को गार्सिया कोरोनात गेला. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग आहे हे त्याला दवाखान्यात गेल्यावरच कळलं होतं. ती बातमी वाचली तेव्हा मला तो उसाचा रस आठवला.

निरोगी खेळाडूलाही मोकळं रान नाही. व्हायरसने हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, मायोकार्डायटिस म्हणतात तिला. बायर्न म्युनिकचा फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस जानेवारी २०२२ मध्ये कोरोनानंतर त्यामुळेच खेळाबाहेर बसला, तो एप्रिलमध्ये परतला. आणि घामाने ताप निघतो म्हणणाऱ्यांसाठी: १९७० मध्येच कॉक्सॅकी नावाचा, हृदयाला सूज आणू शकणारा व्हायरस दिलेल्या उंदरांना पोहायला लावून पाहिलं होतं. पोहणाऱ्यांची हृदयं जास्त बिघडली. काकांना हे मी तीनदा सांगितलंय. ते अजून म्हणतात, सुया टोचून आम्हीच पोराला नाजूक केलं. तो नाजूक पोरगा आज किटमध्ये इन्सुलिन आणि ग्लुकोजच्या गोळ्या घेऊन रोज संध्याकाळी पळतो. काकांनी एकदा येऊन बघावं.

तुमच्या मुलाचं: ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेपर्यंत संपूर्ण विश्रांती. मग काही दिवस चालणं, हलकं पळणं, आणि त्यानंतर सराव. छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा लवकर धाप लागली तर थांबवा आणि ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या. मायोकार्डायटिस निघालाच तर साधारण तीन ते सहा महिने खेळ बंद असतो. दम्याचा रोजचा पंप बरं वाटतंय म्हणून बंद करू नका. फ्लूच्या लसीचं डॉक्टरांना विचारा.

मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करतो. आणि बहुतेक तरुण मुलं व्हायरल तापातून सुखरूप बाहेर येतात, हेही खरं आहे, उगाच धसका घेऊ नका. पण दमा आहे हे कोचला सांगितलंय का? नसेल तर आजच सांगा, मुलगा लाजला तरी. आणि पंप घरी कपाटात नको, मैदानावरच्या पिशवीत हवा.