‘फिल्म कूलिंग इफेक्टिव्हनेस’ला मराठीत काय म्हणावे?

विमानाच्या इंजिनावरील लेखाचे भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: ‘फिल्म कूलिंग इफेक्टिव्हनेस’साठी ‘पटल-शीतन कार्यक्षमता’ चालेल का?

‘पटल-शीतन’ चालेल. ‘कार्यक्षमता’ मात्र नको, तिथे ‘परिणामकारकता’च हवी.

टर्बाइनच्या पात्यांवर येणारा वायू पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूपेक्षाही तप्त असू शकतो. म्हणून कॉम्प्रेसरमधली (हवा दाबणाऱ्या भागातली) थोडी हवा ज्वलनकक्षात न नेता पोकळ पात्यांत सोडतात. ती बारीक छिद्रांतून बाहेर पडून पृष्ठभागावर सायीसारखी पसरते. ही साय म्हणजेच ‘पटल’. ती तप्त वायूला किती अडवते, याचे माप म्हणजे परिणामकारकता. समजा, वायू १६०० अंशांवर आहे, हवा ६०० वर आणि पृष्ठभागालगतचा थर १२०० वर. वायू आणि थर यांतला फरक ४००, वायू आणि हवा यांतला १०००. म्हणून परिणामकारकता ०.४. थर हवेइतकाच थंड राहिला तर १, त्याचा काहीच उपयोग झाला नाही तर ०.

कार्यक्षमता म्हणजे घातलेल्या ऊर्जेतली किती कामी आली, हा हिशेब. तो इथे नाहीच. उलट, पाती झाकायला जास्त हवा काढून घेतली की तेवढ्यापुरती इंजिनाची कार्यक्षमता घटते. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर ‘कार्यक्षमता वाढवताना कार्यक्षमता घटते’ असे वाक्य लिहायची वेळ येईल! आणि हवा वाढवली की परिणामकारकता वाढतेच असेही नाही. झोत फार जोरात सुटला तर तो पृष्ठभाग सोडून वर उचलला जातो आणि तप्त वायू त्याच्याखाली शिरतो.

शिवाय हे माप जागेजागी बदलते. छिद्रालगत जास्त, पुढे हवा वायूत मिसळत जाते तसे कमी. मोजणीला ‘थर्मल इमेजिंग’ सोयीचे ते याचसाठी. तापमापक तारा मोजक्या बिंदूंवरच बसवता येतात, कॅमेऱ्याला अख्खा पृष्ठभाग दिसतो. याला मी ‘उष्माचित्रण’ म्हणेन. ‘तापमानाचे छायाचित्र’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे, कारण कॅमेरा टिपतो ते अवरक्त प्रारण (इन्फ्रारेड), म्हणजे तप्त पृष्ठभागातून निघणारे अदृश्य किरण. त्यावरून तापमान काढायला पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे तो असे प्रारण किती चांगले बाहेर टाकतो हे, माहीत असावी लागते. म्हणून प्रयोगातल्या प्रतिकृतीला सहसा मंद काळा रंग देतात आणि काही ठिकाणी तापमापक तारा बसवून चित्र पडताळतात. प्रतिकृतीही उष्णता कमी वाहणाऱ्या पदार्थाची निवडतात, नाहीतर पदार्थातून उष्णता इकडेतिकडे सरकून थराचे खरे तापमान झाकले जाते.

म्हणून लेखात ‘छिद्रापुढची पटल-शीतन परिणामकारकता’ असे बिनदिक्कत लिहा. शब्द लांबतो, पण पहिल्या उल्लेखानंतर नुसते ‘परिणामकारकता’ पुरते.