पोस्टपेड बिलात न मागितलेल्या सेवेचे पैसे लागतात आणि कस्टमर केअर तक्रार परस्पर बंद करतं. नागपुरात दाद कुठे मागायची?

तुमच्या प्रश्नातून कळतं ते असं: तीन महिने बिलात कुठल्याशा 'सबस्क्रिप्शन'चे ९९ रुपये लागत आहेत. १२१ वर दर वेळी 'चोवीस तासांत होऊन जाईल' म्हणतात, मग 'तक्रार सोडवली' असा मेसेज येतो आणि पुढच्या बिलात रक्कम पुन्हा हजर. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) कंपनी-गॅलरीतही 'कस्टमर केअरला फोन करा' एवढंच सांगितलं. आता बिल न भरता नंबर पोर्ट करायचा तुमचा विचार आहे.

पोर्ट जरूर करा, पण सगळ्यात शेवटी. आणि बिल थकवून तर मुळीच नाही, त्याचं कारण पुढे येतंच.

आधी १५५२२३ वर फोन करून ती सेवा बंद करा. हा क्रमांक सगळ्या कंपन्यांसाठी एकच आहे आणि फुकट आहे. बंद झाल्याचा मेसेज जपून ठेवा. बिलाचं ऑटो-पे लावलं असेल तर तेही काढा, नाहीतर वाद चालू असतानाच पैसे कापले जातील.

आता मुख्य अडचण. १२१ हा माहितीचा क्रमांक आहे, तक्रारीचा १९८. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांत चौकशी, सेवा-विनंती आणि तक्रार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ही सेवा बंद करा' म्हटलं की ती सेवा-विनंती ठरते. सेवा बंद केली की विनंती 'पूर्ण' झाली, पैसे परत करायचा विषयच निघत नाही. तुमच्या बाबतीत बहुधा हेच घडतंय. म्हणून १९८ वर सरळ सांगा: 'माझी बिलाची तक्रार आहे. संमती न घेता लावलेली रक्कम परत हवी. तक्रार म्हणूनच नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) द्या.' डॉकेट नंबर मेसेजने यायला हवा. तो आल्याशिवाय फोन ठेवू नका. समोरचा 'सिनियरशी बोलून कळवतो' म्हणाला तरी आधी नंबर घ्या. डॉकेट नसेल तर नियमांच्या दृष्टीने तुम्ही तक्रार केलेलीच नाही.

मागणी रुपये-पैशांत करा. ९९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरून महिन्याचे ११६.८२ रुपये होतात, तीन महिन्यांचे ३५०.४६. करासकट रक्कम मागा, कारण 'सद्भावना म्हणून' ९९ रुपयांचं एक क्रेडिट देऊन प्रकरण मिटवायचा प्रयत्न होतो. असं क्रेडिट घेतलंत, तर ते पूर्ण परतावा म्हणून मान्य नसल्याचं लगेच ईमेलने कळवा.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा वेगळाच आहे. ट्रायच्या २०१३ च्या आदेशानुसार अशी मूल्यवर्धित सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घ्यावी लागते. तेव्हा लेखी मागा: 'ही सेवा सुरू करताना घेतलेल्या दुसऱ्या संमतीची तारीख, वेळ आणि माध्यम कळवा.' 'तुमच्याच मोबाईलवरून क्लिक झालंय' हे याचं उत्तर नाही. माझ्या मते या एका वाक्याचा जितका उपयोग होतो तितका तासभर वाद घालून होत नाही.

बिलाच्या तक्रारीला महिना-दीड महिना लागू शकतो. पण पैसे न देताच 'सोडवली' असा मेसेज आला तर नवी तक्रार करू नका. लोक इथेच अडकतात. प्रत्येक नव्या डॉकेटबरोबर मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि कंपनी वर्षभर तुम्हाला त्याच चक्रात फिरवू शकते. त्याऐवजी ३० दिवसांच्या आत त्याच डॉकेटवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. अपीलला शुल्क नाही, वकील लागत नाही. ईमेल चालतो, आणि पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. फक्त 'महाराष्ट्र आणि गोवा' सर्कलचाच (म्हणजे सेवाक्षेत्राचाच) पत्ता घ्या. मुंबई हे वेगळं सर्कल आहे. तिथे पाठवलेलं अपील 'आमच्याकडे येत नाही' म्हणून परत येतं आणि तोवर तुमचे दिवस संपतात. नोडल अधिकाऱ्याला लिहा असा सल्ला अजूनही दिला जातो, पण ती पायरी २०१२ च्या नियमांनी काढून टाकली.

अपिलात मोबाईल नंबर, डॉकेट नंबर व तारीख, तिन्ही बिलांतल्या त्या ओळी, एकूण रक्कम आणि संमतीच्या पुराव्याची मागणी, एवढं पुरे. एका पानात मावायला हवं. अपिलावर मत देणाऱ्या सल्लागार समितीत एक सदस्य ट्रायकडे नोंदणी असलेल्या ग्राहक संघटनेचा असतो. त्याला कागद वाचूनच मत द्यायचं असतं, तेव्हा राग बाजूला ठेवून तारखा लिहा. निकाल ३९ दिवसांत अपेक्षित आहे.

ट्रायला थेट लिहून फार काही होत नाही. वैयक्तिक तक्रारी निकाली काढणं त्यांच्या कायद्यातच नाही, ते तुमचं पत्र कंपनीकडे पाठवतात. दूरसंचार विभागाचा तक्रार कक्ष मात्र उपयोगी आहे: १०६३ वर फोन, किंवा सीपीग्राम्स या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभाग निवडून तक्रार. डॉकेट आणि अपील, दोन्ही क्रमांक हाताशी ठेवा.

आता बिल आणि पोर्ट. वादातली रक्कम वजा करून बाकीचं बिल मुदतीत भरा आणि किती, का वजा केलं ते त्याच दिवशी ईमेल करा. पण जारी झालेल्या बिलाची थकबाकी राहिली तर पोर्टचा कोड मिळत नाही. वर विलंब शुल्क लागतं आणि आउटगोइंग बंद होऊ शकतं. म्हणून निकाल लागण्याआधीच जायचं असेल तर 'हरकत कायम ठेवून भरत आहे' असं लिहून पूर्ण भरा. पैसे भरले म्हणजे तक्रार सोडली असं होत नाही.

पोर्टआधी सगळी बिलं पीडीएफमध्ये उतरवून घ्या, नंतर जुन्या कंपनीचं ॲप बहुधा उघडत नाही. मग 'पोर्ट', जागा सोडून आपला नंबर, असा मेसेज इंग्रजीत १९०० वर पाठवा. आलेला कोड चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात. नंबर मूळ मुंबई किंवा मध्य प्रदेश सर्कलचा असेल तर पाच. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस थांबा. कोड काढल्यावर 'खास ऑफर'चे फोन येतील. ऑफर लेखी मागा. पोर्टनंतर येणारं शेवटचं बिलही भरा, नाहीतर जुनी कंपनी नव्या कंपनीकडून नंबर बंद करवू शकते.

अपीलही फेटाळलं गेलं तर सिव्हिल लाइन्समधला जिल्हा ग्राहक आयोग आहे. 'मोबाईलचे वाद तिथे चालत नाहीत' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार ग्राहकाला तिथे जाता येतं असा स्पष्ट निर्णय दिला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच, म्हणजे नागपुरातच, दावा करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत आहे आणि ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येतो. सोबत डॉकेटचा मेसेज, अपिलाचं उत्तर आणि पीडीएफ बिलं जोडा, आणि ३५०.४६ रुपयांबरोबर मानसिक त्रास व खर्चाची भरपाईही मागा.