बिल्ला गेलेली ब्रिटिश सायकलची फ्रेम: रंग उडवायच्या आधी हे बघा

इंग्लंडातल्या लेस्टरच्या कार बूट सेलमधून, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजारातून, तुम्ही सायकलची नुसती फ्रेम आणि चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) उचललात. पुढचा कंपनीच्या नावाचा बिल्ला गायब, वर कुणीतरी ब्रशने फासलेला निळा रंग, आणि विकणारा म्हणाला "५३१ आहे". आता सँडब्लास्ट करून पावडर कोटिंगला टाकायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. तो बेत आधी थांबवा. त्या निळ्याखाली जे काही उरलंय तोच तुमचा पुरावा, आणि ब्लास्टिंगवाला तो चहा होईपर्यंत साफ करेल.

५३१ ही बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची १९३५ साली आलेली मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी. स्टिकर असता तरी माझा विश्वास बसला नसता, नवेकोरे छापून मिळतात. सीटच्या नळीचं आतलं माप घ्या. बाहेरून ही नळी २८.६ मिमी असते. भिंत पातळ असेल तर आत २७.२ चा सीटपोस्ट (सीटची दांडी) बसतो. २६ च्या आसपास किंवा खाली आलात तर नळी जाड आहे, विकणाऱ्याचं म्हणणं विसरा. व्हर्नियर (माप घ्यायचा कॅलिपर) आडवा आणि उभा असा दोनदा लावा. बोल्ट आवळून आवळून तोंड चेपलेलं असतं, आणि मग चांगल्या फ्रेमलाही माप कमी दिसतं. अर्थात २७.२ आलं म्हणजे ५३१ च असंही नाही, इटालियन कोलंबस कंपनीच्या नळ्यांनाही तेच माप येतं.

पुढे बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस फिरतो तो भाग; फ्रेमच्या तळाच्या आडव्या नळीत, शेलमध्ये, दोन्ही बाजूंनी कप आवळलेले असतात. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो; हे ठाऊक नसल्यामुळे किती कप फुटले असतील देव जाणे. कप निघाला की त्याच्या आट्यांवर इंचाची पट्टी ठेवा आणि अर्ध्या इंचात किती आटे येतात ते मोजा. १२ आले तर नेहमीचं ब्रिटिश माप, म्हणजे इंचाला २४. १३ आले तर इंचाला २६, आणि बोट थेट नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीकडे जातं, कारण त्यांनी आपले आटे वेगळेच ठेवले होते. तसं असेल तर नवा कप जबरदस्तीने घालू नका, शेलचे आटे कायमचे जातील.

मागच्या ड्रॉपआउटमधलं, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमधलं, अंतर काळ सांगतं. ११४ मिमीच्या आसपास असेल तर हब गिअर (चाकाच्या तुंब्यातले गिअर) किंवा फिक्स्ड (फ्रीव्हील नसलेल्या) चाकासाठी, १२० असेल तर पाच चक्रांच्या फ्रीव्हीलसाठी, १२६ असेल तर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली किंवा नंतरची. अर्थात मधल्या मालकाने ताणलेली नसेल तरच. चिमट्याच्या उजव्या पायावर दिव्याचं बोंड (दिवा बसवायला नळीला जोडलेला उंचवटा), पंप अडकवायची खुंटी, हे जुन्या ब्रिटिश क्लबवाल्यांचं लक्षण. बाटलीची बोंडं मूळची असतील तर फ्रेम फार जुनी नाही. शेलखालचा नंबर चिमट्याच्या स्टीअररवरही (हँडलकडे जाणाऱ्या नळीवर) आहे का, तेही बघा. जुळला तर चिमटा मूळचा.

नाव मिळालं तरी लगेच उड्या मारू नका. क्लॉड बटलर या फ्रेम बनवणाऱ्याचा धंदा पन्नाशीच्या दशकात बसला आणि नाव होल्ड्सवर्थ या दुसऱ्या सायकल कंपनीकडे गेलं. त्यानंतरचा बिल्ला बटलरचा, घडवणारे दुसरे. हर्क्युलिस आणि फिलिप्स या सायकल कंपन्या १९६० च्या विलीनीकरणानंतर रॅलेच्याच छत्राखाली आले, त्यामुळे एकाच साच्यावर वेगवेगळे बिल्ले दिसतात. आपल्याकडे आजोबांच्या पिढीने ही नावं दारच्या काळ्या सायकलीवर वाचली, पण त्या रॉड ब्रेकवाल्या (तारेऐवजी सळईने ब्रेक लागणाऱ्या). तुमच्या फ्रेमची जात वेगळी. मागच्या नळ्या लाटेसारख्या वळलेल्या असत्या तर एका नजरेत लंडनमधल्या टॉटनहॅमचा हेचिन्स हा फ्रेमवाला म्हणालो असतो. एवढ्या सोप्या फ्रेम नशिबात क्वचित येतात.

आता डागडुजी. बोटाचं नख हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) मागे, खालच्या नळीच्या पोटावर फिरवा. लाटेसारखा उंचवटा लागला तर पुढून ठोकर बसलेली आहे आणि तिथेच तुमचा खर्च आहे. मग एक दोरा घ्या, एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला बांधा, आणि दोन्ही बाजूंनी सीट ट्यूबपर्यंतचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालवून घेता येतो, जास्त असेल तर फ्रेमवाल्याकडे न्या. लगमध्ये (नळ्या जोडणाऱ्या बाहीत) भेग दिसली तर ब्रेझिंगच (पितळ वितळवून सांधणं) करायला सांगा. ५३१ ला साधी वेल्डिंग सोसत नाही.

रंगासाठी शेलच्या तळाशी पैशाएवढी जागा ओल्या वॉटर पेपरने हळूहळू घासा. कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. थराखाली थर निघतील आणि मूळचा कुठे लागतो ते कळेल. नशीब असेल तर लगच्या कडेला हाताने ओढलेली बारीक रेघही मिळेल. ती मिळाली तर माझ्या मते रंग करूच नका. निळा थर तेवढा सावकाश उतरवा, गंज ऑक्झॅलिक ॲसिडने काढा, सोड्याच्या पाण्याने नीट धुवा आणि नळ्यांच्या आत मेणाचा फवारा मारा. मूळ रंग नसेलच तर स्टोव्ह इनॅमल (भट्टीत भाजून पक्का होणारा रंग) करा. पावडरचा थर जाड बसतो आणि लगच्या कोरीव कडा गिळून टाकतो.

चाकं आत्ता घेऊ नका. २७ इंची आणि ७०० (७००सी) या दोन मापांच्या रिमच्या त्रिज्येत ४ मिमीचा फरक असतो, ब्रेक पोहोचतोय का ते बघितल्याशिवाय पैसे वाया जातील. सीटचं माप, आट्यांचा आकडा आणि नंबरचा स्पष्ट फोटो टाका. इंग्लंडातल्या वेटरन-सायकल क्लबमध्ये एकेका बनावटीचे जाणकार आहेत, नंबर त्यांनाही दाखवता येईल.