काडतूस म्हणजे गोळी नव्हे

देवगडच्या एका वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. थ्री-नॉट-थ्री या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या बाबतीत 'थ्री-नॉट-थ्रीची गोळी' आणि 'थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस' एकच का? 'काडतूस'चं अनेकवचन कसं लिहायचं? आणि जुनी लष्करी काडतुसं 'सादळली' असं म्हणणं बरोबर आहे का?

अनेकवचन 'काडतुसे', बोलताना 'काडतुसं'. पिस्तूल-पिस्तुले, तसंच. 'काडतूसे' चूक.

आता गोळी. 'जखमीच्या पोटातून दोन काडतुसं काढली' असं बातम्यांत सर्रास छापून येतं आणि कुणालाच खटकत नाही. पोटात काडतूस जातंच कसं? काडतुसात चार वस्तू असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी दारू पेटवणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की नळीतून बाहेर जाते ती फक्त गोळी. थ्री-नॉट-थ्रीच्या 1910 सालच्या 'मार्क 7' काडतुसात ही गोळी 174 ग्रेन, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमची, आणि वेग सेकंदाला सुमारे 2440 फूट. पुंगळी मागेच राहते. बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, ओढला की ती बाहेर पडते. म्हणून पोटातून गोळी काढतात आणि जागेवर सापडतात त्या रिकाम्या पुंगळ्या. 'जिवंत काडतूस' मात्र अचूक आहे, ते खुशाल लिहावं.

'३०३ नंबरची बंदूक' हाही घोटाळाच. 'नॉट' म्हणजे शून्य. 0.303 इंच हा नळीच्या आतला व्यास आहे, सुमारे 7.7 मिलिमीटर, आणि तोही पीळदार खाचांच्या मधल्या उंचवट्यांवर मोजलेला. खाचांतून मोजलं तर तो जास्त भरतो, म्हणून गोळी 0.311 इंचाच्या आसपास जाड असते. साल, गोळ्यांची संख्या, अनुक्रमांक यांच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. थ्री-नॉट-थ्री काडतूस वापरणाऱ्या ली-एनफिल्ड रायफलच्या मॅगझिनमध्ये काडतुसं मावतात दहा.

खरी मौज 'काडतूस' या शब्दातच आहे. पोर्तुगीज 'कार्तुशो', त्यामागे इटालियन 'कार्तोच्चो', त्यामागे लॅटिन 'कार्ता' आणि ग्रीक 'खार्तेस', म्हणजे कागद. मोजून घेतलेली दारू आणि गोळी गुंडाळलेली कागदाची पुडी, ते काडतूस. 1857 साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती त्याआधीच्या, जुन्या एनफिल्ड बंदुकीची काडतुसं दाताने फाडायची कागदी पुडीच होती. लग्नाचं कार्ड, भिंतीवरचा चार्ट, वर्तमानपत्रातलं कार्टून ही सगळी याच काडतुसाची भावंडं.

हा शब्द मराठीत हिंदीतल्या 'कारतूस'वरून आला असं ठामपणे सांगणारे अभ्यासक आहेत. मला ते अजिबात पटत नाही. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, चौल-रेवदंडा आणि कोर्लई त्यांच्याच ताब्यात, खाली गोवा. ज्यांच्या बंदुका आपल्याच किनाऱ्यावर वाजत होत्या त्यांचा शब्द आपण आधी उत्तरेला पाठवून मग परत मागवला, असं कशाला मानायचं? पुरावा शब्दाच्या घडणीतच आहे. 'अफोन्सो'चा हापूस झाला, 'त्रोंको'चा तुरुंग, 'पिपा'चं पिंप. शेवटचा स्वर गळतो आणि शब्द व्यंजनावर थांबतो. 'कार्तुशो'चं 'काडतूस' त्याच साच्यातलं. हापूस आणि काडतूस एकापाठोपाठ म्हणून पाहा. 'शावे'ची आपल्याकडे 'चावी' झाली, मग इथे च का नाही, अशी शंका कुणी काढेल. पोर्तुगीजमध्ये हा उच्चार आधी च होता, पुढे श झाला. चावी जुना उच्चार घेऊन आली, काडतूस नवा.

राहिला ड. काही जण 'काडी' अधिक 'तूस' अशी फोड करतात आणि थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीत कॉर्डाइट या बिनधुराच्या दारूच्या शेवयांसारख्या काड्या असतात, असा दाखला देतात. काड्या असतात हे खरं. पण कॉर्डाइट आलं 1890 नंतर; 1888 चं पहिलं थ्री-नॉट-थ्री काडतूस काळ्या दारूचं होतं, आणि शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तरी माझं मत असं की व्युत्पत्ती म्हणून टाकाऊ असलेल्या या फोडीनेच उच्चाराला वळण दिलं. भात कांडणाऱ्या कोकणात काडी आणि तूस हे दोन्ही शब्द रोजच्या तोंडातले. परका 'कार्-तूस' कानावर पडला तेव्हा ओळखीच्या 'काडी'ने र बाजूला सारला. हिंदीत र टिकला, आपल्याकडे नाही.

'सादळणं' बारा बोअरच्या, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीच्या, कागदी काडतुसाला तंतोतंत लागू पडतं. पावसाळ्यात त्याचा कागद फुगतो आणि काडतूस नळीत शिरतच नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. थ्री-नॉट-थ्रीची पितळी पुंगळी फुगत नाही. तिच्यावर हिरवा कळंक चढतो आणि टोपी कमजोर होते. मग चाप ओढल्यावर नुसता टक् आवाज येतो. अशा वेळी नळीचं तोंड निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, बोल्ट लगेच उघडायचा नाही, कारण बार उशिरा पेटू शकतो. तेव्हा या काडतुसाला 'फुसकं गेलं' म्हणावं, 'सादळलं' नको.

आणि नळी गंजली की कोकणात दोष खाऱ्या हवेला देतात, तोही अर्धाच खरा आहे. जुन्या लष्करी टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बारानंतर त्याचं क्लोराइड, म्हणजे एक क्षारच, नळीत उरतो आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडं फडकं फिरवायचं आणि तेल सगळ्यात शेवटी. नुसतं तेल लावलं तर क्षार तेलाखाली तसाच राहतो आणि गंज चालूच राहतो.