हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज: समृद्धीवर कमी, तालुक्याच्या रस्त्यावर जास्त

प्रश्न : डीलरनं सांगतलं का गाडी २८ देते. मी कारंज्याहून समृद्धीनं नागपूरले जातो-येतो, तर १८ च्या वर जातच नाही. काऊन असं होऊन राह्यलं? गाडीत फॉल्ट आहे का? (कारंजा लाड)

फॉल्ट नाही, वेग आहे. ग्रँड विटारा किंवा हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडचा (म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला एकटीने चाकं फिरवू शकणारी विजेची मोटर आणि तिची बॅटरी असलेल्या गाडीचा) २७.९७ हा आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो. ती चाचणी वीसेक मिनिटांची असते. एसी बंद, सर्वाधिक वेग ताशी ९० आणि तोही थोडाच वेळ. बाकी सगळं थांबणं, निघणं, हळू जाणं. हायब्रिडला नेमकं हेच मानवतं, कारण प्रत्येक ब्रेकला मोटर थोडी वीज परत मिळवते आणि पुढच्या वेळी गाडी त्याच विजेवर हलते.

समृद्धीवर ब्रेक लागतच नाही, मग परत मिळवायचं काय? शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात की हवा सव्वादोन पट जोराने अडवते. छोट्या बॅटरीची मदत मिनिटा-दोन मिनिटांत संपते आणि पुढचा सगळा भार एकट्या १.५ लिटर इंजिनावर पडतो. त्या वेगात हायब्रिड म्हणजे जवळजवळ साधी पेट्रोल गाडीच.

क्रूझ कंट्रोल ९५ ला लावून, डाव्या लेनमधून एकदा जाऊन बघा. २२-२३ च्या आसपास मिळायला हवं. दीडशे किलोमीटरला वीस मिनिटं जास्त लागतील आणि पावणेदोन लिटर पेट्रोल वाचेल. वीस मिनिटं महाग की पेट्रोल, हे तुम्ही ठरवा. हीच गाडी कारंजा–मंगरुळपीर अशा रस्त्यावर न्या, जिथे दर गावाला ब्रेकर आणि मध्येच बैलगाडी, तिथे तिचं अ‍ॅव्हरेज समृद्धीपेक्षा चांगलं दिसेल. साध्या पेट्रोल गाडीचं नेमकं उलटं असतं.

टायरची हवाही बघा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यातला आकडा थंड टायरचा असतो. उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने आपल्याकडे दोन-चार पॉइंट हवा कमी ठेवतात. हे चुकीचं आहे. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटायची शक्यता उलट वाढते. सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चालली नसताना हवा भरा. दुपारी गरम टायरमध्ये आकडा तीन-चार पॉइंट वर दिसला म्हणून हवा सोडू नका.

प्रश्न : मीटरवर २४.६ दिसतं, पण पेट्रोलच्या खर्चावरून हिशेब केला तर कमी येतं. खरं काय? (दर्यापूर)

पंपावरचं खरं. इंजिनाने किती वेळ, किती पेट्रोल फवारलं यावरून कॉम्प्युटर अंदाज काढतो, आणि तो बहुधा थोडा कौतुकाच्या बाजूने असतो.

हिशेब असा करा. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, पहिल्या ऑटो-कटपर्यंत (नोझल आपोआप बंद होईपर्यंत) भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. किमान ३००-४०० किलोमीटर चालवल्यावर परत तिथेच पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटरला लिटरने भागा. एकाच भरण्यावर विश्वास ठेवू नका. कट कधी लिटरभर आधी पडतो, कधी नंतर, आणि २०० किलोमीटरच्या हिशेबात एका लिटरने आकडा दोन-अडीचने हलतो. तीन भरण्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून काढलेला आकडाच धरा.

कट पडल्यावर पंपावरचा मुलगा 'राउंड फिगर' करायला थेंब-थेंब भरत बसतो, त्याला थांबवा. हिशेब तर बिघडतोच, शिवाय टाकीची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरतं आणि तो खराब होतो.

प्रश्न : ई-२० पेट्रोलमुळे अ‍ॅव्हरेज अर्धं झालं असं सगळे म्हणतात. (मोर्शी)

अर्धं होऊच शकत नाही. लिटरभर शुद्ध पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की एकूण ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते. आधीच्या ई-१० शी तुलना केली तर फरक साडेतीन टक्क्यांचा. म्हणजे २२ देणारी गाडी २१ च्या थोडं वर देईल. तुमची गाडी २२ वरून १६ वर आली असेल, तर ब्रेक चिकटणं, व्हील अलाइनमेंट, एअर फिल्टर हे आधी तपासा.

प्रश्न : मे महिन्यात बाजारात गाडी उभी करून एसी लावला की दर थोड्या वेळाने इंजिन आपोआप सुरू होतं. मागच्या सीटजवळून पंख्याचा आवाजही येतो. बॅटरी खराब होत आहे का? (ब्रह्मपुरी)

इंजिन सुरू होणं स्वाभाविक आहे. या गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, बॅटरीच्या विजेवर चालतो. बॅटरी केवढी? पाऊण युनिटची, म्हणजे घरच्या वीजबिलातलं एक युनिटसुद्धा नाही. आणि कॉम्प्युटर ती कधीच पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरू देत नाही. ४५ अंशांत एसीने दहा-पंधरा मिनिटांत ती खाली आणली की इंजिन काही मिनिटं चालून भरतं आणि बंद होतं. साधी गाडी एवढा वेळ सलग चालू राहून तासाला लिटरभर पेट्रोल जाळते, त्यामानाने तुम्ही फायद्यातच आहात.

पंख्याच्या आवाजाकडे मात्र लक्ष द्या. बॅटरी थंड ठेवायला तो पंखा केबिनमधलीच हवा ओढतो, सीटजवळच्या एका जाळीतून. त्या जाळीसमोर पिशवी किंवा पोतं ठेवलं, किंवा आतलं फिल्टर धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी बुजलं, की पंखा जोरात फिरायला लागतो. तरीही बॅटरी तापलीच तर कॉम्प्युटर तिचं भरणं आणि वापरणं दोन्ही कमी करतो. ब्रेकची वीज साठत नाही आणि अ‍ॅव्हरेज घसरतं. वेचणीच्या हंगामात कापूस गाडीत नेत असाल तर सर्व्हिसची वाट न बघता ते फिल्टर साफ करून घ्या. जाळीत पाणी मारू नका. नारिंगी रंगाच्या वायरला घरी कोणीही हात लावायचा नाही.

तापलेल्या गाडीत बसताना आधी चारही काचा उघडून मिनिटभर चालवा, मग काचा लावून एसी रिसर्क्युलेशनवर २५ ला ठेवा. १८ वर ठेवल्याने गाडी लवकर थंड होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ दमतो.

प्रश्न : चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरताना अर्ध्यातच बॅटरी फुल होते आणि मग इंजिन मोठ्याने ओरडतं. उतारावर पेट्रोल जळतं का? (अचलपूर)

नाही, आणि हे गणितानेच दाखवता येतं. चौघांसह गाडी सुमारे १५०० किलोची, उतार सुमारे ७०० मीटरचा. यातून मिळणारी ऊर्जा जवळपास २.९ युनिट. टायरच्या घर्षणात आणि हवेत अर्ध्याहून जास्त गेली तरी एक युनिटच्या आसपास उरते, आणि बॅटरीत रिकामी जागा असते अर्ध्या युनिटचीसुद्धा नाही. ती भरली की उरलेल्याचं काय करायचं? मग मोटर इंजिनाला पेट्रोल न देता नुसतं फिरवते, म्हणजे गाडी इंजिनावर अडवली जाते. तो आवाज त्याचा.

उतरताना गिअर लिव्हर 'बी' वर (गाडी इंजिनावर जास्त अडवणाऱ्या जागी) घ्या, ब्रेक तापणार नाहीत. न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नका. त्यात वीजही साठत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चढताना १०-१२ दिसलं तर घाबरू नका, जाऊन-येऊन मिळून हिशेब करा.

प्रश्न : वर्षाला १२ हजार किमी होतात, बहुतेक पुसद–यवतमाळ. स्ट्राँग हायब्रिड घ्यावी की साधी पेट्रोल ऑटोमॅटिक? (पुसद)

पैसे वाचवायला घेत असाल तर साधी घ्या. साधी १६ आणि हायब्रिड २२ देईल असं धरलं, तर हजार किलोमीटरला १७ लिटर वाचतात, १०५ रुपयांच्या भावाने सुमारे १,८०० रुपये. दोन्हींच्या किमतीत अडीच लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला १ लाख ४० हजार किलोमीटर लागतील, म्हणजे तुम्हाला अकरा-बारा वर्षं. मोटरच्या बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, यातलं जे आधी होईल ते.

हेच दिवसभर नागपूर शहरात फिरणाऱ्याला वेगळं पडतं. तिथे साधी १२ वर येते, हायब्रिड २२ वरच राहते, आणि फरक ६३ हजार किलोमीटरमध्ये वसूल होतो. तुमच्या शोरूममधली ऑन-रोड किंमत टाकून हा हिशेब परत करा. आणि 'हायब्रिड' या नावावर जाऊ नका. माइल्ड हायब्रिडची मोटर एकटी चाकं फिरवत नाही, फायदा लिटरमागे एखाद-दोन किलोमीटरचा.

प्रश्न : महिनाभर गाडी वाड्यात उभी होती. आता सुरूच होत नाही, मोटरची बॅटरी गेली का? (पांढरकवडा)

बहुधा साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीचे रिले (तिला गाडीशी जोडणारे स्विच) तिच्यावर चालतात, म्हणून ती उतरली की बाकी सगळं बंद. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जंपर लावा. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून लावणार असाल तर ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवा. पुढे गाडी उभी राहणार असेल तेव्हा आठवड्यातून एकदा 'रेडी' दिवा लावून, एसी बंद ठेवून, अर्धा तास मोकळ्या हवेत चालू ठेवा. बॉनेटही उघडून बघा. महिनाभर उभ्या गाडीत उंदीर हमखास वायर कुरतडतात.