रूट केलंय ना, मग सिस्टिम लिहू का देत नाही?

गेल्या अंकात रूटबद्दल, म्हणजे फोनमध्ये काहीही बदलायचा पूर्ण अधिकार मिळवण्याबद्दल, दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. त्यातली पाच घेतलीयेत. ज्यांनी ‘फोन रूट करून द्याल का, किती घ्याल’ असं विचारलंय त्यांना एकदाच सांगते, नाही करत.

ताई, मी कर्वेनगरला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. फोन मॅजिस्कने (रूट करायचं ॲप) रूट केलाय, अँड्रॉइड १३ आहे. फोन चालू होताना कंपनीचं ॲनिमेशन येतं ते काढून आमच्या मंडळाच्या बाप्पाचं टाकायचंय. व्हिडिओत सांगतात तशी सिस्टिम (अँड्रॉइडच्या स्वतःच्या फाइली) रिमाउंट, म्हणजे लिहिता येईल अशी पुन्हा जोडायची कमांड मारली तर म्हणतं प्रॉक माउंट्समध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या यादीत, सिस्टिम नाहीच. मग मित्र म्हणाला सिस्टिमच्या जागी नुसता स्लॅश दे, तर रीड ओन्ली म्हणून हाकलून देतं. रूट आहे ना, मग अडवतंय कोण?

अरे, अडवत कुणी नाहीये, तू ज्या दारावर धडका मारतोयस तिथे आता दारच राहिलेलं नाही. जुन्या फोनमध्ये सिस्टिमचं वेगळं पार्टिशन (मेमरीचा कप्पा) असायचं, ते नुसतं वाचण्यापुरतं माउंट व्हायचं, म्हणजे जोडलं जायचं, आणि रूट मिळालं की एका कमांडीत लिहिण्याजोगं करता यायचं, मग काय वाट्टेल ते करा. तुझे व्हिडिओवाले अजून तिथेच बसून उंटावरून शेळ्या हाकतायत. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं तेव्हापासून नव्या फोनमध्ये सिस्टिम थेट मुळावर, म्हणजे नुसत्या स्लॅशवरच माउंट होते, त्यामुळे माउंटच्या यादीत सिस्टिम नावाची ओळच नसते. तुझी पहिली एरर एवढंच सांगत होती.

दुसरी एरर जास्त मजेशीर आहे. टर्मिनल उघड, एसयू (रूटचा अधिकार घेणारी कमांड) मार, आणि कॅट करून प्रॉक माउंट्स वाच. भलीमोठी यादी येईल, त्यातल्या ज्या ओळीत दुसरा शब्द नुसता स्लॅश आहे, तिचा तिसरा शब्द बघ. तिथे ईआरओएफएस लिहिलं असेल तर विषयच संपला, ही हुआवेच्या लोकांनी बनवलेली फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) आहे, दाबून भरलेली आणि फक्त वाचायची, तिच्यात लिहायची सोयच केलेली नाही, मग तू रूट अस नाहीतर अजून कुणी. तिथे ईएक्सटी४ (एरवी लिहिता येणारी फाइल सिस्टिम) असेल तरी फार खूश होऊ नको, कारण जागा वाचवायला कंपन्या दोन फाइलींमधला सारखा मजकूर एकाच ब्लॉकमध्ये (साठवणीच्या तुकड्यात) ठेवतात, मग एकीत काही बदललं तर दुसरी आपोआप बिघडणार, म्हणून कर्नल (अँड्रॉइडचा गाभा) आधीच नाही म्हणतं. शिवाय अँड्रॉइड १० पासूनच सुपर नावाचं एक मोठं पार्टिशन आलं आणि सिस्टिम, व्हेंडर, प्रॉडक्ट हे सगळे त्याच्या पोटातले कप्पे झाले, आणि हे कप्पे आतल्या मालाच्या मापानेच कापतात. डीएफ (कुठे किती जागा भरली ते दाखवणारी कमांड) मारून बघ, सिस्टिम शंभर टक्के भरलेली दिसेल. ती तशीच येते, तू काही केलेलं नाहीस.

आणि समज हे सगळं पार करून तू एक अक्षर जरी आत लिहिलंस तरी पुढे डीएम-व्हेरिटी बसलेलं असतं. ते अँड्रॉइड ४.४ मध्ये आलं आणि ७ पासून कडक झालं, प्रत्येक ब्लॉकचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) ताडून बघतं, जुळला नाही तर फोन उठतच नाही. ते बंद करता येतं, सुपर उलगडून, ब्लॉक सुटे करून, पार्टिशन फुगवून परत शिवताही येतं, लोक करतात, पण एका ॲनिमेशनसाठी डोंगर पोखरून उंदीर काढायचा, बाप्पाचा असला म्हणून काय झालं? कंपनीचा पुढचा अपडेटही मग लागत नाही. अपडेट ब्लॉक मोजूनच बसतो, आणि नुसतं लिहिण्यासाठी एकदा माउंट केलं तरी पार्टिशनमधली नोंद बदलते.

तर करायचं काय? मॅजिस्क आहेच तुझ्याकडे, त्याचाच वापर कर. आपल्याकडे दुकानाची जुनी पाटी न खरवडता तिच्यावर नवीन पाटी ठोकतात ना, मॅजिस्क तेच करतं. तुझी फाइल डेटा पार्टिशनमध्ये राहते आणि फोन उठताना ती मूळ फाइलीवर बाइंड माउंट होते, खालची भिंत जशीच्या तशी. आधी मूळ फाइल कुठे आहे ते बघ, बूट ॲनिमेशनची झिप बहुतेक प्रॉडक्टच्या नाहीतर सिस्टिमच्या मीडिया फोल्डरमध्ये असते. सॅमसंग असेल तर थांब, त्यांचं ॲनिमेशन झिपमध्ये नसतं, क्यूएमजी नावाचा वेगळाच प्रकार असतो. झिप सापडली तर डेटा, एडीबी, मॉड्यूल्स या वाटेने जाऊन तिथे स्वतःचा एक फोल्डर कर, त्यात मॉड्यूल डॉट प्रॉप ही छोटी फाइल (आयडी, नाव, व्हर्जन, व्हर्जन कोड, लेखक, वर्णन), आणि शेजारी सिस्टिम नावाचा फोल्डर, ज्याच्या आत मूळ रस्ता हुबेहूब उभा करायचा. फाइल प्रॉडक्टमध्ये असेल तर सिस्टिमच्या आत प्रॉडक्ट, त्यात मीडिया, त्यात तुझी झिप.

झिप करताना सगळे एकच चूक करतात, ती कॉम्प्रेस करतात. ही झिप बिनदाबाची लागते, सेव्ह करताना ‘स्टोअर’ निवड, नाहीतर काळा पडदा बघत बसशील. आतल्या डिस्क टेक्स्ट फाइलीत पहिल्या ओळीत रुंदी, उंची आणि सेकंदाला किती चित्रं, आणि खाली भाग. भागापुढे शून्य लिहिलं की फोन उठेपर्यंत आरती चालू राहते. आणि फोन अडकलाच तर सेफ मोडमध्ये चालू कर, मॅजिस्क सगळी मॉड्यूल्स बंद करून टाकतं.

ताई, मी हडपसरला असतो, रिटायर झालोय. मुलाचा जुना फोन वापरतो, आठ जीबीचा, अँड्रॉइड ५. जागा पुरत नव्हती म्हणून तापकीर गल्लीत एका दुकानात नेला, त्यांनी रूट करून कार्डाचे दोन भाग केले आणि लिंक-टू-एसडी टाकून दिलं. सहा महिने छान चाललं, आता फोन बंद करून चालू केला की निम्मी ॲप्स गायब. दुकानदार म्हणतो नवीन फोन घ्या.

काका, दुकानदाराने केलं ते त्या काळाच्या हिशोबाने बरोबरच केलंय. कार्डावर सहसा फॅट३२ नावाची फाइल सिस्टिम असते, तिला फाइल कुणाच्या मालकीची, कुणी वाचायची हे कळतच नाही, आणि ॲपला तर ते लागतंच. म्हणून दुसरा भाग ईएक्सटी४ चा करतात, ॲप तिकडे हलवतात आणि फोनमध्ये त्याच्या जागी नुसती लिंक ठेवतात, घर तिकडे गेलं, दारावर पत्ता लावला, तसं. आता फोन उठताना तो दुसरा भाग ॲप्सच्या आधी माउंट झाला पाहिजे. तो झाला नाही की पत्त्यावर घरच नाही, आणि ॲप गायब. म्हणजे तुमची ॲप्स गेलेली नसतील, कार्डाचा तो भाग वेळेवर माउंट होत नसेल.

पहिल्यांदा फोटो कंप्युटरवर काढून घ्या, आजच. मग लिंक-टू-एसडीच्या मेनूत माउंट स्क्रिप्ट पुन्हा बनवायचा पर्याय आहे तो दाबा आणि फोन रिस्टार्ट करा. एवढ्याने आली तर बरं. नाही आली तर मला संशय कार्डाचा. मी स्वतः एकदा पासोड्या विठोबाजवळ चौसष्ट जीबीचं कार्ड स्वस्तात घेतलं, आत निघालं आठ जीबीचं, आठ भरेपर्यंत गुणी बाळासारखं वागलं आणि नंतर नवीन फोटो जुन्या फोटोंवर लिहायला लागलं, आमच्या महाबळेश्वरच्या ट्रिपचे अर्धे फोटो गेले. कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघितल्याशिवाय हे कळत नाही. नवीन घ्यायचं झालं तर त्यावर ए१ छापलंय का बघा, म्हणजे सेकंदाला निदान १५०० वेळा कुठूनही वाचायची आणि ५०० वेळा लिहायची हमी, ॲप चालवायला तीच लागते, वरचा मोठ्ठा एमबीचा आकडा फोटो-व्हिडिओसाठी.

एक करू नका, सेटिंगमधलं कार्ड फॉरमॅट दाबू नका. आणि मुलाने नवीन फोन दिलाच तर त्यात ‘कार्ड फोनची मेमरी म्हणून वापरा’ असं कदाचित येईल, २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ही सोय आहे, पण त्यात कार्ड कुलूपबंद होतं आणि किल्ली फोनमध्ये राहते. फोन रिसेट झाला की किल्ली गेली, कार्डावरचं काही कुठेच उघडत नाही.

टर्मिनलमधून कार्डाचा ईएक्सटी४ भाग माउंट केला, तिथे फाइली दिसतात पण फाइल मॅनेजरला फोल्डर रिकामा. (वारजे)

अँड्रॉइडमध्ये माउंटची यादी सगळ्यांना एकच नसते, तुझ्या टर्मिनलच्या यादीत ते आहे, बाकीच्यांच्या नाही. एसयू मारताना माउंट मास्टरवाला डबल एमचा पर्याय लाव किंवा मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये माउंट नेमस्पेस ग्लोबल कर आणि पुन्हा माउंट कर. तरी रिकामाच दिसला तर फोल्डरची मालकी बघ, १०२३ नंबरचा मीडिया-आरडब्ल्यू हा मालक लागतो.

मी चिंचवडला असते. भावाने दुसरी रॉम (फोनचं अख्खं सॉफ्टवेअर) टाकताना काहीतरी पुसलं, आता सिम टाकूनही नेटवर्क नाही, आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) विचारला तर शून्यं दिसतात. एक जण म्हणतो पाचशे रुपयांत दुसरा नंबर टाकून देतो.

तो पाचशेवाला आधी लांब ठेवा. आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे, २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तो दुसरा नंबर कुणाच्या चोरीच्या फोनचा असेल तर पोलिस तुमच्या दारात येतील, त्याच्या नाही.

गेलंय ते असं, की क्वालकॉम चिपच्या फोनमध्ये मॉडेम-एसटी१, मॉडेम-एसटी२ आणि एफएसजी, मीडियाटेकमध्ये एनव्हीरॅम आणि एनव्हीडेटा अशी आयएमईआय आणि नेटवर्कची माहिती ठेवणारी छोटी छोटी पार्टिशन असतात, काही एमबीची, पण ती प्रत्येक फोनची वेगळी असतात. मित्राच्या तशाच मॉडेलमधून उचलून आणलेली चालत नाहीत. भावाला विचारा रिकव्हरीतून (फोन दुरुस्तीचा वेगळा मोड) ईएफएसचा, म्हणजे याच पार्टिशनांचा, बॅकअप घेतला होता का, असेल तर तोच परत टाका, पाच मिनिटांचं काम. नसेल तर बिल आणि डबा (डब्यावर खरा नंबर छापलेला असतो) घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, रूट केल्याबद्दल बोलणी खावी लागतील, खा.

बाकीच्यांनी आजच ब्लॉक, बाय-नेम या फोल्डरची यादी काढा, त्यातली ही पार्टिशन आणि सोबत पर्सिस्ट नावाचं पार्टिशन, डीडी कमांडने इमेज (हुबेहूब प्रत) करून कंप्युटरवर ठेवा. डीडी मारताना आयएफ (कुठून वाचायचं) आणि ओएफ (कुठे लिहायचं) तीनदा वाचायचं. उलटं झालं तर बॅकअप घ्यायच्या नादात आपणच पार्टिशन पुसतो, आणि ते विचारत बिचारत काही नाही.

आईच्या जुन्या रूट केलेल्या फोनवर (अँड्रॉइड ४.१) मेसेजमध्ये ‘ॲ’ च्या जागी चौकोन दिसतो, बाकी मराठी नीट. ती म्हणते ‘चौकोनम्बुलन्स’ म्हणजे काय. (सदाशिव पेठ)

आईंना नमस्कार सांगा. हा ‘ॲ’ युनिकोडमध्ये (अक्षरांची जागतिक यादी) २००८ साली आला, ५.१ आवृत्तीत, आणि तुमच्या फोनमधल्या देवनागरी फॉन्टने तो अजून पाहिलेला दिसत नाही. आणि बघा, कर्वेनगरच्या मुलाला जे जमत नाही ते इथे आरामात जमतं, फोन जुना आहे, सिस्टिम वेगळं पार्टिशन आहे, रिमाउंट करा आणि लिहा.

सिस्टिमच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये देवनागरीची फाइल सापडेल, तिची एक प्रत कार्डावर काढा. मग नोटो सान्स देवनागरी हा नवा फॉन्ट घेऊन त्याला जुन्या फाइलीचंच नाव द्या, एक्सटेन्शनसकट, आणि आधी शेजारी कॉपी करून परवानगी ६४४ (मालकाने लिहायचं, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं), मालक रूट असं करा, मगच जुन्यावर सरकवा. हा क्रम मी कात्रज-शिवाजीनगर बसमध्ये शिकले. बिल्ड डॉट प्रॉपमध्ये (सिस्टिमच्या सेटिंगची फाइल) एक आकडा बदलला, फाइल मॅनेजरने सेव्ह करताना परवानगी बदलली, मी बघितलं नाही, स्वारगेटला फोन रिस्टार्ट केला आणि ऑफिसला पोचले तरी कंपनीचा लोगोच नाचत होता. संध्याकाळी घरी येऊन रिकव्हरीतून ६४४ केलं, दोन सेकंदांत उठला.

काम झालं की सिस्टिम परत रीड ओन्ली करा, फोन रिस्टार्ट करा, आणि आईंना आधी ‘ॲसिडिटी’ टाइप करून पाठवा.