डावा बाण दाबला की स्क्रीनवर कचरा का येतो?

प्रश्न : ताई नमस्कार, मी लालबागचा, बीएससी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांचं मसाल्याचं दुकान आहे, त्यांच्यासाठी पायथनमध्ये बिलाचा छोटा प्रोग्राम लिहिलाय, उबंटूवर टर्मिनलमध्येच चालतो. मालाचं नाव टाइप करताना काका चुकले की मागे जायला डावा बाण दाबतात आणि स्क्रीनवर टोपीचं चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि कॅपिटल डी असं काहीतरी उमटतं. वजनात ‘दीड’ लिहिलं की प्रोग्रामच बंद पडतो. म्हणून एकेक बटण स्वतः वाचायचा कोड लिहिला, पण तो मध्येच क्रॅश झाला की नंतर टर्मिनलवर टाइप केलेलं दिसतच नाही. सगळं सोडून खिडक्या-बटणांचा प्रोग्राम करू का?

उत्तर : नको रे, सोडू नकोस. समोर गिऱ्हाईक उभं असताना माउस शोधत बसण्यापेक्षा कीबोर्डवरून बिल काढणं कधीही फास्ट, आणि बाणाचा कचरा आणि मुकं झालेलं टर्मिनल या दोन अडचणींचं मूळ एकच आहे, दाबलेलं बटण प्रोग्रामच्या आधी कोणाच्या हातात जातं ते.

तू नुसतं इनपुट फंक्शन वापरतोस तेव्हा एंटर दाबेपर्यंत ती ओळ लिनक्सच्या कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, असते, तुझ्या प्रोग्रामला काहीच कळलेलं नसतं. कर्नलला ओळ दुरुस्त करायचं जेमतेम येतं, बॅकस्पेस, कंट्रोल-डब्ल्यूने शब्द पुसणं, कंट्रोल-यूने अख्खी ओळ पुसणं, बस. बाण त्याला माहीतच नाही. डावा बाण म्हणजे तीन बाइट जातात, एस्केप, चौकोनी कंस आणि डी, ही पद्धत 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलमुळे रुळली आणि आजही तीच चालते. कर्नल ते तीन बाइट साधी अक्षरं समजून जसेच्या तसे दाखवतो, एस्केप दिसत नाही म्हणून त्याच्या जागी टोपी आणि कंस काढतो. तेच काकांना दिसतं, आणि वाईट म्हणजे तो कचरा मालाच्या नावातही जाऊन बसतो.

उपाय एका ओळीचा आहे. प्रोग्रामच्या वरती रीडलाइन मॉड्यूल इम्पोर्ट कर, बाकी काही नाही. मग त्याच इनपुट फंक्शनला डावे-उजवे बाण कळतात, वरच्या बाणाने आधीची ओळ परत येते. ही लायब्ररी ब्रायन फॉक्सने बॅशसाठी, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड घेणाऱ्या प्रोग्रामसाठी, लिहिली, पुढे चेट रॅमीने ती सांभाळली, आणि इतक्या लोकांच्या हाताखालून गेलेली गोष्ट असताना तू स्वतः बटणं वाचत बसावंस असं मला खरंच वाटत नाही. ‘मिरची’ हा शब्द घे. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ते पाच घटक आहेत आणि यूटीएफ-8 मध्ये पंधरा बाइट. एक बॅकस्पेस दाबल्यावर यातलं नेमकं काय पुसायचं हे तुझ्या कोडला ठरवावं लागेल, नुसता शेवटचा बाइट काढलास तर अक्षर तुटून भलतंच चिन्ह येईल. तरी एक सांगून ठेवते, काही टर्मिनलवर मात्रा-वेलांटीमुळे कर्सर एखादं घर इकडे-तिकडे दिसतो, त्याने आतला मजकूर बिघडत नाही.

रीडलाइन घेतलंच आहेस तर टॅबवर नाव पूर्ण करायची सोय पण लाव. काकांनी ‘ब्या’ लिहून टॅब दाबला की ‘ब्याडगी’ यायला हवं, ‘सं’ वर ‘संकेश्वरी’. फक्त शब्द तोडणाऱ्या चिन्हांच्या यादीतून स्पेस काढून टाक, नाहीतर ‘काश्मिरी मिरची’सारख्या दोन शब्दी नावांत टॅब दुसऱ्याच शब्दापासून शोधायला लागतो.

‘दीड’चं म्हणशील तर चूक काकांची नाही, माणूस वजन असंच बोलतो. आकडा वाचायचं काम लूपमध्ये टाक, एरर पकड आणि तोच प्रश्न पुन्हा विचार, पण नुसतं ‘चुकीचं इनपुट’ असं छापू नकोस, ‘वजन आकड्यात लिहा, उदा. 1.5’ असं लिही. ‘पाव’, ‘अर्धा’, ‘पाऊण’, ‘सव्वा’, ‘दीड’, ‘अडीच’ यांची छोटी डिक्शनरी ठेवलीस तर त्याहून छान. एक आनंदाची गोष्ट म्हणजे पायथनला देवनागरी आकडे वाचता येतात, ‘१.५’ दिलंस तरी डेसिमल हा दशांश अचूक ठेवणारा प्रकार बरोबर घेतो, आणि पैशांचा हिशोब आहे म्हणून फ्लोट नको, डेसिमलच वापर. स्वल्पविराम मात्र आधी काढून टाक, ‘1,200’ ला तो नाही म्हणतो. शिवाय कंट्रोल-सी दाबलं तर सगळं बिल न उडता फक्त ती एक ओळ रद्द व्हावी एवढं बघ.

टर्मिनल मुकं झालं त्याचं कारण असं की तू रॉ मोड, म्हणजे प्रत्येक बटण कर्नलने न हाताळता थेट प्रोग्रामला देणारी सेटिंग, लावलास आणि क्रॅश होताना तो उतरवला नाहीस. आत्ता दिसत नसलं तरी ‘एसटीटीवाय सेन’ (stty sane) ही कमांड आंधळेपणानेच टाइप करून एंटर मार, एंटर लागलं नाही तर कंट्रोल-जे. पुढे कधी खरंच एकेक बटण वाचायची वेळ आली तर आधीची सेटिंग टर्मिऑस (termios) मॉड्यूलने जपून ठेव आणि ट्रायच्या फायनली भागात परत लाव, काहीही झालं तरी ती ओळ चाललीच पाहिजे.

प्रश्न : माझी स्क्रिप्ट पासवर्ड विचारते. हाताने चालवली तर ठीक, रात्री क्रॉनमधून चालवली की पडते. असं का? (वाचक, गिरगाव)

उत्तर : क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय, तिथे समोर कीबोर्डच नसतो, म्हणून इनपुटला लगेच फाइल संपल्याचा निरोप मिळतो आणि ईओएफ एरर येते. विचारण्याआधी स्टँडर्ड इनपुटला ‘इज-ए-टीटीवाय’ (isatty), म्हणजे समोर टर्मिनल आहे का, विचारून बघ. टर्मिनल असेल तर पायथनचं गेटपास (getpass) मॉड्यूल वापर, म्हणजे पासवर्ड स्क्रीनवर उमटणार नाही, नसेल तर फक्त तुलाच वाचता येईल अशा फाइलमधून घे. कमांडच्या ओळीत पासवर्ड लिहू नकोस, त्या मशीनवरच्या दुसऱ्या युजरला तो प्रोसेसच्या यादीत दिसू शकतो.